आत्याचा नळ

"पाण्याला नुसता औषधाचा वास मारतोय रे!" आत्या रोज कुरकुरायची. पाण्याची टाकी सांभाळणारा भाचा तिच्या शब्दाबाहेर नव्हता. जंतू मारायची पावडर टाकताना त्याने हात आखडता घेतला.

"आता कसं गोड लागतंय!" आत्या खूश झाली.

मग जुलाब-उलट्यांची साथ आली, आणि सगळ्यात आधी आत्याच गेली.

आता तो मापाला चुकत नाही. घरोघरच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत धरतो, तपासणीचा थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं, की पावडर पोचली म्हणून सुटकेचा निःश्वास सोडतो.

आत्याच्या बंद घरातलं पाणी मात्र, कितीही पावडर टाकली तरी, पिवळं होत नाही. आज त्याने धीर करून घोटभर पिऊन पाहिलं.



गोड होतं.