मोरीचं दार

"बेन, तंबाखू घेता? घेत असाल तर इम्प्लांट हाडात धरणार नाही," गुजराती डेंटिस्टने विचारलं.

सुहासिनीने तोंड उघडायच्या आत तिचे यजमान दिग्विजयराव कडाडले, "आमच्या दरबारी घराण्यातल्या बायका तंबाखूला शिवत नाहीत!"

नवी नवरी असताना सासूबाईंनीच तिला मिश्री लावायला शिकवली होती, भाजलेल्या तंबाखूची. ती आजही रोज लावत होती.

काही महिन्यांतच बसवलेले दात हलले, हिरडीत पू झाला. डेंटिस्टने पुन्हा तेच विचारलं.

"डॉक्टर, मी..."

"हिला साधे दात राखता येत नाहीत!" दिग्विजयराव म्हणाले.

परतताना त्यांनी लहरीपुऱ्याच्या बाजारात स्कूटर थांबवली आणि नेहमीच्या दुकानातून मिश्रीची पुडी आणून तिच्या हातात कोंबली.

"घे. आणि यापुढे मोरीचं दार बंद करून लावत जा."