बाबांच्या वतीने

"या नव्या गोळीने पोटऱ्या धरतात," आई म्हणाली. "जिना चढताना काही नाही. उतरताना जीव जातो."

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "कोलेस्टेरॉलची गोळी ती. होतं असं काही जणांना. डोस कमी करून बघू. अजून काय?"

"खोकला गेला. तुम्ही ती बीपीची गोळी बदललीत ना, थांबलाच. कोरडा खोकला होता, घशात पीस अडकल्यासारखा. पण बदलून दिलेलीने पाय सुजतात. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो."

डॉक्टरीणबाईंनी वाकून बाबांचा घोटा दाबून पाहिला. "आत्ता तर नाहीये सूज."

"सकाळी नसतेच."

बाबा मध्येच "ब... ब..." करायला लागले. डावा हात खुर्चीवर आपटायला लागले. लेकीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, थांबा ना जरा. आईला सांगू दे."

स्ट्रोक आला तेव्हा बाबांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात थोडाफार परत आला, बोलणं काही आलं नाही. कळायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडकायचे. आणि हा माणूस सलूनवाला! दुकानात कात्रीपेक्षा तोंड जास्त चालायचं. केस कापून झाले तरी गिऱ्हाईक उठायचं नाही, कारण बाबांची गोष्ट अर्धी राहिलेली असायची.

लेक दुसऱ्या शहरात गाडी चालवायला शिकवायची. महिन्यातून एकदा सुट्टी काढून यायची आणि दोघांना गाडीत घालून इथे आणायची. बाकी सगळं आईवर. गोळ्या आई, व्यायाम आई, आंघोळ आई. शिलाई मशीनवर एक शर्ट मागच्या खेपेपासून सुईखाली तसाच पडला होता. आज गाडीपर्यंत येतानासुद्धा आई दोनदा थांबली होती. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातलेला, बहुतेक धुतलेला तेवढाच असेल. लेकीला वाटलं, आपण महिन्यातून एक दिवस येतो आणि केवढा तोरा मिरवतो.

"काकू, एक सांगू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंटला बोलता येत नसलं की नातेवाईक मला काय सांगतात माहितीये? 'बरंय, चाललंय.' संपलं. तुमच्याइतकं बारीक कोणी सांगत नाही. तुमच्यामुळे मला यांची औषधं नीट बसवता येतायत. थँक्यू."

आई लाजली. "त्यात काय एवढं. कळतं आपलं."

"बाबा, नशीब काढलंत तुम्ही," लेक म्हणाली. "माझा नवरा तर मला ताप आलाय हे दोन दिवसांनी ओळखतो."

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी डाव्या हाताने आईचा हात धरला आणि घट्ट दाबला. मग मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळलं नाही.

"आणि ती रक्त पातळ करायची गोळी," आई म्हणाली. "ती मात्र बंदच करा. दात घासले की हिरड्यांतून रक्त येतं. जरा कुठे टेकलं की निळं पडतं. काल तर नाकातून आलं."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "नाकातून? किती वेळ?"

"चांगलं अर्धा तास. बर्फ लावला तेव्हा थांबलं."

"काका, आ करा बरं."

बाबांनी लगेच मोठ्ठा आ केला. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून बघितलं.

"हिरड्या तर छान दिसतायत. पण नाकातून एवढं आलं असेल तर..." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "अवघड आहे हो. ही गोळी दुसरा झटका टाळायला असते. बंद केली तर तो येऊ शकतो. आणि चालू ठेवली, आणि उद्या डोक्यात रक्तस्राव झाला तर?"

लेक खुर्ची पुढे ओढून बसली. "म्हणजे काहीही केलं तरी धोका?"

"हो. पण तुमच्या आईचं आजवर काही चुकलेलं नाही. त्या म्हणतायत तर सध्या थांबवते."

त्यांनी पेन कागदावर टेकवलं. बाबा पुढे झुकले आणि डाव्या हाताने पेन धरून ठेवलं. चेहरा लालबुंद.

"ना... ना... नाही."

तिघीही त्यांच्याकडे बघायला लागल्या. मग लेक एकदम रडायलाच लागली. "आई! ऐकलंस? बोलले! बाबा बोलले!"

आईने तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईही हसत होत्या. "वा काका! अजून बोला. काय नाही?"

"म... मला... नाही." कपाळावर घामाचे थेंब. प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा. "हि... हिला."

त्यांनी पेन सोडलं आणि आईची बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत निळे-जांभळे डाग होते.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग डॉक्टरीणबाईंनी अगदी हळू विचारलं, "काकू, यांच्या गोळ्या तुम्ही घेताय?"

"एक यांना, एक मला," बाही खाली ओढत आई म्हणाली. "यांना कुठे सांगता येतंय काय होतंय ते? मग मला तरी कळणार कसं?"