शुक्रवारचा फोटो

महरीन रोमला आर्किटेक्चर शिकायला गेली आणि इकडे मे महिन्यात रस्ता रुंद करताना आमच्या अंगणातला फणस तोडला. तिच्या मरहूम अम्मीने लावलेला. कळलं असतं तर पोरगी शिक्षण टाकून आली असती. म्हणून मी दर शुक्रवारी थंडीतला जुना फोटो धाडायचो, "हा बघ, आत्ता दुपारचा!" अख्ख्या संगमेश्वरला टोप्या घालणारा मी! ती लिहायची, "मस्त, अब्बा."

सुट्टीत आली. मोकळ्या जागेकडे बघून दचकलीसुद्धा नाही.



"मेच्या भर दुपारी फणसाची सावली फोटोतल्यासारखी लांब, विहिरीपर्यंत कशी पडेल, अब्बा? पहिल्याच शुक्रवारी कळलं होतं. पण बोलले असते तर फोटो यायचे बंद झाले असते."