दहावं होईपर्यंत

कावळा शिवला नाही. पण विंचूरच्या त्या घरात कोणालाही विचारा, शिवला असंच सांगतील. आपणही तसंच धरून चालू.

रामकुंडापाशी कठड्यावर पिंड मांडून तासभर झाला होता. शेजारी द्रोणात आप्पांच्या आवडीची जिलबी आणि एक विडी. आप्पांचा मुलगा महेश ताज्या भादरलेल्या डोक्यानं हात जोडून उभा होता. कावळे भरपूर होते. त्या जागी कावळ्यांची टंचाई कधीच नसते. फक्त पिंडाकडे एकही बघत नव्हता.

"त्यांचं काहीतरी राहिलंय," दिवाकर गुरुजी म्हणाले. "शब्द द्या."

महेशनं शब्द दिला. "आप्पा, तुमच्या लेकीचं, अपूर्वाचं लग्न मी लावून देईन." कावळे गप्प. "आप्पा, बांधाची केस मागं घेतो." कावळे गप्प. मागून एका चुलत्यानं घाईघाईत सांगून टाकलं, "आप्पा, तुमचं घड्याळ मीच नेलं होतं. आणून देतो." सगळ्यांनी वळून चुलत्याकडे पाहिलं. कावळ्यांनी तेवढंही केलं नाही.

तीस पावलांवर, जिथं गाड्या लावतात तिथं, गुरुजींचा मुलगा गौरांग महेशची गाडी पुसत होता. गौरांग सोमवार ते शुक्रवार अंबडच्या एका कंपनीत नोकरी करायचा आणि शनिवार-रविवार इथं कार डिटेलिंग. त्याचा हिशोब साधा होता. दहाव्याला आलेल्या माणसाची गाडी तीन तास उभी असते आणि तो माणूस कुठंही जाऊ शकत नाही. असं गिऱ्हाईक दुसऱ्या धंद्यात मिळत नाही. त्यानं बोर्डही लावला होता : 'दहावं होईपर्यंत गाडी नवी.'

"मी इथं लोकांचे बाप पोचवतो," गुरुजी म्हणायचे, "आणि तू त्यांची सीटं पूस!"

"तुमचं काम झालं की नाही ते दिसत नाही, बाबा. माझं दिसतं."

सकाळी किल्ली देताना महेश म्हणाला होता, "सगळं काढ. संध्याकाळी गाडी बघायला माणूस येतोय." गौरांगनं सगळं काढलं. मॅटमधली कांद्याची सालं काढली, सीटखालची गोळ्यांची रिकामी पाकिटं काढली. मागच्या डाव्या काचेवर आतून तळहाताएवढा तेलकट डाग होता. तो मात्र हटेना. एका दिवसाचा नव्हताच तो, थरावर थर बसलेला होता. गौरांगनं चारदा फवारा मारला, चारदा घासला. मग बाहेरूनही पॉलिश केलं आणि दोन पावलं मागं जाऊन बघितलं. काच आहे की नाही तेच कळेना. इतकं सुंदर काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

तेवढ्यात कठड्यावरचा एक कावळा उडाला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. कावळा पिंडावरून गेला, जिलबीवरून गेला, आणि गाडीच्या त्याच काचेच्या कडेला बसून चोच मारू लागला. टक. टक. टक.

"गाडी!" चुलता ओरडला. "आप्पांचा जीव गाडीत अडकलाय!"

"नाय विकत, आप्पा!" महेशही ओरडला. "शपथ! नाय विकत!"

कावळा चोच मारतच होता. गौरांगला कारण माहीत होतं. काच आरशासारखी झाली होती, कावळ्याला तिच्यात दुसरा कावळा दिसत होता आणि तो त्याच्याशी भांडत होता. हे सांगायला त्यानं तोंड उघडलं. लांबूनच गुरुजींनी डोळे वटारले. त्यानं तोंड मिटलं.

आप्पांची बायको मालिनीबाई हळूहळू गाडीपाशी आल्या. एकतीस वर्षं तहसील कचेरीत कारकुनी केलेली बाई. दहाव्यालाही त्यांच्या पर्समध्ये पेन होतं. त्या काचेसमोर वाकल्या.

"इथं डाग होता."

"होता ना, काकू!" गौरांग खूश झाला. "कसला चिवट! पण गेला बघा. खूणसुद्धा नाही राहिली."

"वर्षभर डायलिसिसला आणायचो त्यांना. आठवड्यातून दोनदा." त्या काचेशीच बोलत होत्या. "जाताना डोकं इथं टेकून झोपायचे. मी ओरडायचे, तेलकट डोकं काचेला लावू नका, सरळ बसा. शेवटच्या खेपेलाही ओरडले."

गौरांगच्या हातात फडकं होतं. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

कावळ्यानं आणखी दोन टोचे मारले, कंटाळला आणि नदीपलीकडे उडून गेला. गुरुजींनी थोडी वाट पाहिली. मग दर्भाचा कावळा वळला, पिंडाला लावला आणि म्हणाले, "शिवला." सगळे म्हणाले, "शिवला, शिवला." महेशनं डोळे पुसले. आता आप्पांचं काहीच राहिलं नव्हतं, म्हणून बाजूला जाऊन त्यानं गाडी बघायला येणाऱ्या माणसाला फोन केला. सातला या म्हणाला.

वायपरखाली गौरांगचा अभिप्रायाचा फॉर्म खोचलेला होता. मालिनीबाईंनी तो ओढून घेतला.

"राहू द्या, काकू," गौरांग म्हणाला.

पण कोरा फॉर्म परत देणं त्यांना एकतीस वर्षांत जमलं नव्हतं. बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी नाव लिहिलं, तारीख घातली, पाचपैकी पाच तारे रंगवले. 'असल्यास सूचना' या रकान्यात बारीक, सरळ अक्षरात लिहिलं :

'काम समाधानकारक आहे. तथापि मागील डाव्या काचेवरील डाग मूळ जागी, मूळ आकारात पूर्ववत करून मिळावा, ही नम्र विनंती.'