ओ-टू

दुपारी चार दहाला पुरवठा-जहाजावरून दोरावर सरकत आलेली पेटी इस्पितळ-जहाजाच्या डेकवर उतरली. सिस्टर दळवींनी झाकण उघडलं. आत ‘ओ’ गटाच्या रक्ताच्या दोन पिशव्या होत्या.

त्यांनी वायरलेसवर ‘ओ-टू’ मागितला होता, म्हणजे ऑक्सिजन. चक्रीवादळातून वाचवलेली सात माणसं खालच्या वॉर्डात शेवटच्या सिलिंडरवर होती. तो जेमतेम पंचवीस मिनिटं पुरणार होता.

त्या पुन्हा माइकवर ओरडल्या, “ऑक्सिजन!” खरखरीतून पलीकडे फक्त ‘ओ’ पोचला. इंग्रजीत उत्तर आलं, “ओ, टू. सेंट.” म्हणजे दोन पाठवल्या. मग माइक बंद करायचा विसरून तिथला स्टोअरकीपर शेजाऱ्याला म्हणाला, “दोन दिल्या की! आता काय रक्तानं अंघोळ करणार? सोड दोर, लाटा बघ केवढ्या.”

मराठी ऐकून दळवी थबकल्या. “प्राणवायू, भाऊ! प्राणवायू!”

“...वायू?” स्टोअरकीपर ओरडला. “आयला! दोर धरा रे, धरा!”

चार एकतीसला पहिला सिलिंडर निघाला. चार चौतीसला तो दोन जहाजांच्या मधोमध लाटांना टेकत लोंबकळत होता. वॉर्डातला काटा शून्याला टेकला होता.