न पाठवलेली विचारणा

मंगळावरचा मळा मेला, असं जाहीर करणाऱ्या कागदावर केळुसकर सर सही करणार तेवढ्यात प्रोग्रॅम तपासणारी नीलाक्षी ओरडली, "सर, थांबा! आपण त्याला विचारलंच नाहीये!"

"अगं, दोन वर्षं रोज विचारतोय."

"नाही ना! प्रोग्रॅमच्या या नव्या भाषेत विनंती लिहिली की नुसती तयार होते, पत्र पाकिटात घातल्यासारखी; जुन्या भाषेत ती आपोआप जायची. पाठवायची ओळ वेगळी लागते. तुम्ही जुन्या सवयीनं रोज पाकिटंच करत बसलात!"

सरांचा चेहरा पडला. माणसं पोचण्याआधी भाजी पिकवायला धाडलेला तो मळा दोन वर्षांपूर्वीच गप्प झाला होता, आणि जुना प्रोग्रॅम त्यांनी हौसेनं या नव्या भाषेत आणला होता तोही तेव्हाच. तिथलं यंत्र विचारल्याशिवाय बोलत नसे.

नीलाक्षीनं ती एक ओळ लिहिली. उत्तराला अर्धा तास लागणार होता. सरांनी चहा मागवला आणि प्यायचा विसरले.

अखेर पडद्यावर अक्षरं उमटली: "वांग्यांचा सहावा तोडा चालू आहे. जेवायला किती जण येणार?"

सरांनी सहीचा कागद टराटरा फाडला.

"लिही, सगळे येतोय," ते डोळे पुसत म्हणाले. "आणि सरक जरा. पाठवायची ओळ मी लिहिणार."