काचेवरची वाफ

खोकल्या-तापाच्या रोग्यांचं रक्त तपासून कुणाचा आजार जोर धरणार, ते लॅबमधलं मशीन आधीच सांगायचं. रोज सकाळी लॅबवाल्या ताई त्यात आधी स्वतःचं रक्त घालत. “मी ठणठणीत दिसले, म्हणजे मशीन शहाणं!”

आज मात्र रोग्यांच्या रक्ताच्या नळ्यांच्या काचेवर आतून वाफ धरत होती, विरत होती; प्रत्येकीची लय निराळी. वॉर्डातल्या एका आजोबांच्या नळीत तर नुसती घाई.

ताईंनी वॉर्डात फोन लावला. “आजोबा कसे आहेत गं?”

“धाप लागलीय हो, ताई. श्वास नुसता भराभर चाललाय,” सिस्टर म्हणाली.

ताईंची स्वतःची नळी तेवढी कोरडी होती. त्यांनी ती ओठांशी धरली आणि तोंड उघडून हळूच उच्छ्वास सोडला.

काच लख्खच राहिली.